वाटीतले खिळे

जेवण अर्ध्यावर आलं असताना छोटीने पाण्याचा पेला बाजूला सारला आणि सांगून टाकलं.

"माझं रक्त तपासलं होतं. त्यात कावीळ निघाली आहे. बी म्हणतात ती."

ठरलं होतं जेवण झाल्यावर सांगायचं. सगळ्यांच्या पोटात आधी चार घास जाऊ देत, असं अम्मीने तिला जिना उतरताना बजावलं होतं. पण या पोरीच्या पोटात कधी काही राहिलेलं नाही. अम्मीने मान खाली घातली आणि ताटातला घास उगाच गोल गोल फिरवत बसली.

शुक्रवारी नमाजहून परतल्यावर घरातले सगळे खाली कारखान्यातच जेवत. कापड बेतायचं लांब टेबल पुसून त्यावर चादर टाकायची, सोफ्यांचे उघडे सांगाडे भिंतीला सरकवायचे आणि रेक्झिनच्या गुंडाळ्यांना पाठ टेकून बसायचं. घरी आलेल्या गिऱ्हाइकाला वाटावं की मालक आणि कारागीर एकत्र जेवतायत. तसंच होतं ते. मालकही हेच आणि कारागीरही हेच.

"कावीळ होय," चाचा म्हणाला आणि त्याने पुढचा घास घेतला. "तोंड असं केलंस की मला वाटलं नापास झालीस."

"मी कधी नापास झालेय?"

"म्हणूनच तर घाबरलो."

टेबलाच्या वरच्या टोकाला आपा बसल्या होत्या. उस्तादांची, म्हणजे छोटीच्या अब्बांची, आणि चाचाची ही थोरली बहीण, मुलांची फुफी, आत्या. नवरा गेल्यापासून माहेरीच होत्या आणि या घराच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या. "बाहेरचं पाणी पिऊ नकोस म्हणून किती सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता तेल बंद, तिखट बंद. आणि महिनाभर कॉलेज बंद."

"फुफी, ही पाण्यातून होत नाही."

"मग कशातून होते?"

छोटीने भावाकडे पाहिलं. घरात त्याला सगळे वकील म्हणत. कायदा शिकत होता म्हणून नव्हे, हे नाव त्याला दुधाचे दात पडायच्या आधी मिळालं होतं. चाचाच्या पेल्यातलं दूध मांजराने प्यायलं हे त्याने तेव्हा साक्षीपुराव्यासकट सिद्ध केलं होतं, आणि दूध त्यानेच प्यायलं होतं.

वकिलाचा हात ताटात तसाच राहिला होता. "रक्तातून होते," तो म्हणाला. "आणि संबंधातून. तुझ्या त्या प्रश्नांमध्ये आहे ना ही? गुप्तरोगांच्या?"

"आहे," छोटी म्हणाली.

चाचाने तोंडातला घास चावायचा थांबवला. आपांनी डावा हात कानाला लावला, जणू नीट ऐकू आलं नाही. खरं तर त्यांना भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू यायचं.

छोटीचं ते प्रश्नांचं काम घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. ती विद्यापीठात समाजकार्य शिकत होती. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी तिने विषय घेतला होता की आपली मुसलमान मुलंमुली असल्या आजारांबद्दल काय समजतात, काय मानतात. संध्याकाळी ती शिलाई मशीनशेजारी येऊन बसायची आणि अम्मीला दिवसभराची उत्तरं सांगायची. एकजण म्हणाला, हे आपल्यात नसतं, मग विचारता कशाला. एक मुलगी म्हणाली, ज्याला झालं त्याने ते कमावलेलं असतं. एकाने तर विचारलं, की असल्या माणसाने सलाम केला तर उत्तर द्यावं की मनात द्यावं. अम्मी पायडल मारत ऐकायची आणि मधेच हसायची. हसायची, कारण तेव्हा ते सगळं दुसऱ्यांबद्दल होतं.

आणि एक गंमत छोटी सांगायची, की चारचौघांत मान हलवणारे तेच लोक नंतर जिन्यावर गाठतात. "माझ्या एका मित्राला विचारायचं होतं," असं म्हणतात. जिन्यावर सगळ्यांनाच मित्र असतात.

विद्यापीठात रक्त तपासायची खोली उघडली, तेव्हा त्यांच्यातलं कोणीच तिथे फिरकेना. तपासायला गेलं म्हणजे तपासण्यासारखं काहीतरी केलंय, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणून छोटीच आधी खुर्चीत जाऊन बसली, मागच्या मुलींना धीर यावा म्हणून. मागे वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं.

"तू गेलीसच कशाला तिथे?" वकील म्हणाला.

"धीर द्यायला."

"मग मिळाला धीर?"

"असं बोलू नकोस तिच्याशी," अम्मी म्हणाली.

"अम्मी, मी फक्त विचारतोय. हे आणखी कोणाला माहीत आहे, छोटे?"

"एका मैत्रिणीला सांगितलं. वर्गातल्या."

"कोणत्या?"

"सांगितलं, बस. तिला वाटलं ती माझी मैत्रीण आहे. मलाही वाटलं." छोटीचा आवाज इथवर सरळ चालला होता, इथे जरा अडखळला. "काल विद्यापीठात मुलींच्या खोलीत नमाजला उभे राहिलो. खांद्याला खांदा लावून उभं राहतात ना, तर माझ्या दोन्ही बाजूंना जागा सुटली. एक माणूस मावेल इतकी. कोणी काही बोललं नाही. सगळ्या फक्त जरा सरकल्या."

वकिलाचा चेहरा उतरला. अम्मीला वाटलं, बहिणीसाठी उतरला. पण तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना कळलंय."

मग आपांनी विचारायचं ते विचारलं. आवाज अगदी हळू होता. आपांचा आवाज हळू झाला की चाचासुद्धा सरळ बसायचा. "पोरी, माझ्याकडे बघ. कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"तुला कळतंय मी काय विचारते ते."

"कोणी नाही, फुफी."

"कोणी नाही, तर हे आलं कुठून? आभाळातून?"

"आपा," अम्मी म्हणाली.

"तू थांब. तू लाडावलंस म्हणून ही वेळ आली. मुलीच्या जातीने असले प्रश्न पोरांना विचारत फिरायचं, आणि आईने ते मशीनवर बसून हसत ऐकायचं. मला काय दिसत नव्हतं?"

"आपा, ते तिला माझ्याकडून आलंय."

अम्मीने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की पहिल्यांदा ते कोणाला कळलंच नाही. चाचा तर आपल्याच विचारात मान हलवत राहिला. मग ती मान जागच्या जागी थांबली.

"तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलाही बोलावलं होतं," अम्मी म्हणाली. "परवा गेले. माझ्याही रक्तात तेच आहे. बाळंतपणात आईकडून बाळाला जातं, आणि मग वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतं. काही दुखत नाही, काही खुपत नाही. पोरीने काही केलेलं नाही. ती जन्मली एवढंच."

परवापासून ती हे वाक्य मनात पाठ करत होती. कुकरची शिट्टी मोजताना, खुर्चीच्या कडेची दोरी शिवताना. हे सांगितलं की छोटी सुटेल, इतकंच तिने बघितलं होतं. त्यापुढचं पाऊल आपल्याला कुठे नेईल ते बघितलंच नव्हतं. आता टेबलाभोवतीची तोंडं एकेक करून तिच्याकडे वळली, तेव्हा ते तिला दिसलं.

"तुझ्याकडून," आपा म्हणाल्या. "मग तुला कोणाकडून?"

अम्मीने नवऱ्याकडे पाहिलं.

उस्ताद टेबलापाशी नव्हते. ते कधी उठले ते कोणालाच कळलं नव्हतं. कोपऱ्यातल्या अर्धवट खुर्चीपुढे ते एक गुडघा टेकून बसले होते, आणि वाटीतल्या खिळ्यांची चिमूट त्यांनी तोंडात टाकली होती.

गादीकामाची या घराची ही रीत होती. एका हाताने कापड ताणून धरावं लागतं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा धरणार कोण? म्हणून बारीक खिळे तोंडात ठेवायचे. जीभ एकेक खिळा डोक्याकडून ओठांवर आणते, हातोडीचं लोहचुंबकाचं टोक तो उचलतं, आणि ठक. चांगला कारागीर हे न बघता करतो. उरलेले खिळे परत वाटीत टाकायचे. वाटी एकच, दादांची, म्हणजे उस्तादांच्या वडिलांची, पितळेची. दादा, त्यांची मुलं, लग्न होऊन आलेली अम्मी, सुट्टीत हात लावणारा वकील, सगळ्यांनी त्याच वाटीतून घेतले आणि त्याच वाटीत टाकले. आणि तोंडात खिळे असलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं, हे इथल्या पोरांना बोलता यायच्या आधीच कळायचं. घरात बोलणं बिनसलं की उस्तादांना खुर्चीचं काम आठवायचं.

ठक. ठक.

"अहो," अम्मी म्हणाली.

ठक.

चाचा त्या आवाजाकडे टक लावून बघत होता. अचानक त्याने टेबलावर थाप मारली. "खिळे."

"काय?"

"खिळे, आपा. आपली ही वाटी. रक्तातून होतो ना हा रोग? माझे ओठ किती वेळा फाटलेत. भाईजानचे फाटलेत. भाभी नवीन होती तेव्हा तर तिचं रोज काहीतरी रक्तबंबाळ व्हायचं. एकाच्या तोंडातला खिळा वाटीत, वाटीतला दुसऱ्याच्या तोंडात. एखादा रोजंदारीचा कारागीर येऊन गेला असेल, त्याने टाकला असेल हा रोग वाटीत. कोण होता रे तो, सारखा खोकायचा तो?"

"खोकल्याचा काय संबंध?" छोटी म्हणाली.

"संबंध नसेल. पण माणूस मला आवडायचा नाही."

टेबलाभोवती सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. अम्मीलाही तो तसाच ऐकू आला, शिवणीचा ताण सुटल्यासारखा. आपांनी आपली ओढणी सारखी केली. "मी दादांना तेव्हाच म्हणायची, बाईमाणसाला खिळे तोंडात धरायला लावू नका." त्यांनी अम्मीच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. मघाशी ज्या बाईला उभं जाळायला निघाल्या होत्या, तिला आता म्हणत होत्या, "खा गं, किती वाळलीस." वकीलसुद्धा सावरून बसला. "कामातून झालेली इजा," तो म्हणाला. "असं सांगता येईल. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. छोटे, तू उद्या त्या मैत्रिणीला हेच सांग. खिळ्यांमुळे."

अम्मीला ते सगळं हवंसं वाटलं. आपांनी वाढलेलं, चाचाचं खुळं बोलणं, मुलाचा सावरलेला चेहरा. किती सोपं होतं. एक पितळेची वाटी उचलून भंगारात टाकायची आणि घर जसंच्या तसं.

पण छोटी ही छोटीच. "मी डॉक्टरीणबाईंना खिळ्यांचं विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, शक्यता फार कमी. पण तुम्ही म्हणता तसं असेल, तर मग सगळ्यांनाच झालं असेल. चाचा, तुम्ही तर लहानपणापासून त्याच वाटीतले. सोमवारी तुम्ही पण चला. फुफीपण. सगळ्यांचंच रक्त बघू."

चाचाचा हात आपोआप दंडावर गेला. "माझं कशाला? मला काय झालंय? मी बैलासारखा आहे."

"मीपण तशीच होते."

"हे बघ, मी म्हटलं खिळे असतील. असतीलच असं कुठे म्हटलं?"

"आत्ताच म्हटलंत."

"ते बोलायच्या भरात."

"आणि वकील," छोटी म्हणाली. "तू तर पहिला. तू अम्मीचाच आहेस."

वकिलाने मान हलवली. "मी येणार नाही."

"अरे, नसेल तर लस घेता येते. असेल तर औषधं आहेत, दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. नाहीतर आतल्या आत यकृत खातं ते. वीस वर्षं कळत नाही आणि मग..."

"मला माहितीय. तू मला पाठ करून दाखवू नकोस. मी त्या खोलीबाहेर उभा राहणार नाही. तिथे सगळी मुलं मला ओळखतात. मुसलमान विद्यार्थ्यांच्या सभेचा चिटणीस रांगेत उभा, म्हटल्यावर काय समजायचं ते समजतील."

"हेच," छोटी म्हणाली. "शब्द न् शब्द हेच. वर्षभर मी हे ऐकत फिरले, आणि मला वाटायचं, माझ्या घरात तरी नाही."

अम्मी मुलाकडे बघत राहिली. गोरापान, सरळ नाकाचा, कधी साधा तापही अंगावर न काढलेला. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, आधीचं मूल आहे का? त्याला लवकर आणा. त्या वेळी ही भीती तिला नीट लागली नव्हती, स्वतःच्याच धक्क्यात होती. आता लागली. तो बसला होता, बोलत होता, घास घेत होता, आणि आतून काय चाललंय ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यालाही ते कळायला नको होतं.

"त्याला कशाला नेतेस?" आपा म्हणाल्या. घाईघाईने, विषय मिटवायच्या सुरात. "घरातल्या पुरुषांचं काही नाही. पुरुषांना होऊन जातं ते. तुझ्या अब्बांचं तर तेव्हाच बरं झालं होतं."

ठक ऐकू यायला हवं होतं. आलं नाही.

अम्मीने ताटावरून डोळे उचलले. "तेव्हा म्हणजे कधी, आपा?"

"कधी काय? लहानपणी. कावीळ. सगळ्यांनाच होते."

"लहानपणीच्या गोष्टी तुम्ही सगळ्या सांगितल्यात मला. गोवर सांगितलात. झाडावरून पडले ते सांगितलंत. काविळीचं नाही सांगितलं."

आपांनी चाचाकडे पाहिलं. चाचाने छताकडे पाहिलं. अम्मीला आठवत नव्हतं की या दोघांना तिने कधी एकाच वेळी गप्प बघितलंय. आणि मग तिला काही काही दिसायला लागलं, जे कायमच समोर होतं. लग्नाची बोलणी झाल्या झाल्या उरकलेलं लग्न. बंदरावरून, जहाजांच्या खोल्यांतल्या गाद्या करायचं चांगलं चालू काम सोडून घरी परत आलेला नवरा मुलगा. लग्नाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे आरशात बघितलेले त्याचे डोळे, आणि मनात आलेलं, की उजेड पिवळा आहे. आणि त्यानंतरचे ते दोन महिने, जेव्हा तिच्याच्याने जिना चढवत नव्हता आणि सासू बायकांना हसून सांगायची, नवी नवरी आहे, लाजते.

"दादांना माहीत होतं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"अगं, ते बरं झालं होतं," आपा म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरने म्हटलं होतं थोडं थांबा लग्नाला. पण तुझे वडील घाई करत होते, आमची तारीख ठरलेली. डोळे तर पांढरे व्हायला लागले होते. मला काय ठाऊक की ते असं... तेव्हा कोणाला काय ठाऊक होतं?"

"डॉक्टरला ठाऊक होतं."

उस्तादांनी तोंडापुढे हात धरला आणि खिळे त्यात काढले. ओले खिळे वाटीत न टाकता तसेच मुठीत धरून ते उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"अब्बा," वकील म्हणाला. त्याचा आवाज भलताच बारीक झाला होता. "खिळ्यांमुळे झालं असेल. ह्या घरात खिळे... रोजचं काम आहे, अब्बा. खिळेच असतील."

"खिळे नाहीत," उस्ताद म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला माहीत आहे."

"पण तुम्ही..." सभेत वकील ज्यांचं उदाहरण द्यायचा ते हेच होते. घरी शिकवण नीट असली की लस लागत नाही, असं त्याने मंचावर उभं राहून म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. छोटी मागच्या रांगेत बसली होती आणि तिने घरी येऊन अम्मीला सांगितलं होतं, की बोलतो मात्र छान.

"बंदरावर असताना," उस्ताद म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते. "लग्नाच्या आधी. इतकंच. बाकीच्यांनी मला गप्प बस म्हटलं, आणि मला गप्प बसायला आवडलं."

चाचा उठला आणि विनाकारण ताटं गोळा करायला लागला. अर्धी भरलेली ताटं. कोणी त्याला अडवलं नाही.

अम्मीला वाटत होतं आपण रडू. किंवा ओरडू. तसं काहीच होईना. डोक्यात एकच वेडा विचार फिरत होता, की मशीनवरची दोरी अर्धी शिवून ठेवलीय, सुई कापडातच आहे. नवऱ्याबद्दल काय वाटायचं ते वाटायला तिला पुढे वेळ मिळणार होता, भरपूर. आत्ता तिला दिसत होता तो मुलगा, जो टेबलापासून उठून, कोणाकडे न बघता जिन्याने वर गेला होता.

ती त्याच्या मागोमाग गेली. वरच्या मोरीत नळ वाहत होता. असरच्या नमाजाची वेळ अजून व्हायची होती, पण तो वजूला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला, बसला होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि नुसताच बसलेला. पाणी त्याच्या बोटांवरून वाहून जात होतं.

"पाणी वाया जातंय," ती म्हणाली. काय बोलावं ते सुचलं नाही की आई हेच बोलते.

त्याने नळ बंद केला. "अम्मी, ठराव मी मांडलाय."

"कसला ठराव?"

"गेल्या सभेत. ज्याला असला आजार निघेल त्याला आपल्या सभेत जागा नाही. शिक्षा म्हणून नव्हे, इतरांच्या काळजीपोटी, असं लिहिलंय. मीच लिहिलं. सगळ्यांनी हात वर केले." तो ओल्या हातांकडे बघत होता. "छोटीच्या बाजूच्या मुली सरकल्या ना, त्या माझ्या म्हणण्यावरून सरकल्या."

अम्मी मोरीच्या कट्ट्यावर बसली. खाली ऐकलं ते एक, आणि हे आणखी एक. एका दुपारी किती ऐकायचं.

"मग मलाही जागा नाही तर तुझ्या सभेत," ती म्हणाली.

"अम्मी, तुझं वेगळं आहे."

"का? मी तुला माहितीय म्हणून?"

वकिलाने कोपराशी सारलेली बाही उगाच आणखी वर सारली.

"घरी नमाजला तू पुढे उभा राहतोस, आम्ही मागे उभ्या राहतो," ती म्हणाली. "मी अन् छोटी. उद्यापासून आम्ही किती लांब उभं राहायचं ते एकदा सांग. म्हणजे मी चटई तशी घालीन."

"असं नको बोलूस."

"मी टोमणा मारत नाहीये रे. मला खरंच माहीत नाही. परवापासून मी माझा पेला वेगळा ठेवतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्यापिण्याने होत नाही, शिवल्याने होत नाही. तरी ठेवतेय. वेड्यासारखी."

तो तिच्याकडे वळला. मग तिच्या पायाशी, ओल्या फरशीवरच बसला. इतका मोठा झालेला मुलगा. तिचा हात त्याच्या डोक्यावर जायला निघाला आणि मधेच थांबला. त्यानेच तो ओढून डोक्यावर ठेवला.

"निघालं तर?" तो म्हणाला.

"निघालं तर माझं आहे ते. माझ्याकडून तुला नाक आलंय, हट्ट आलाय, त्यात तेही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर लस घ्यायची आणि बाकीच्यांना ओढत न्यायचं. चाचाला बहुतेक उचलूनच न्यावं लागेल. दंड धरून बसलाय तो मघापासून."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यांमधला ताण थोडा उतरला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी फळकुटं उतरवून घेत होतं, एकावर एक पडल्याचा आवाज येत होता.

छोटी दारात येऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिचे डोळे लाल होते, आणि त्या लाल डोळ्यांनी ती भावाकडे रागाने बघत होती.

"त्या खोलीबाहेर किती जण असतात गं?" त्याने विचारलं.

"असतात बाकीचे. आपल्यातलं अजून कोणी आलेलं नाही. मी सोडून."

"मला बघून येतील?"

"तुला बघून ठरावाला हात वर केले. येतील की नाही, सांगता येत नाही. हसतील मात्र नक्की."

"हसू देत," तो म्हणाला. मग, जरा वेळाने, "सभेपुढे मीच बोलतो. रक्त आधी देतो, मग बोलतो. निकाल यायच्या आधी."

"निकालानंतर बोल. तो चांगला आला तर सोपं जाईल."

"म्हणूनच आधी."

छोटीने त्याच्याकडे बघितलं. मग ती आत आली, त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि खांद्याने त्याला जोरात ढकललं. त्याने तिला ढकललं नाही. तो सरकलाही नाही.

जिन्यावर पावलं वाजली आणि वरच्या पायरीवर थांबली. उस्ताद. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिन्यावर, परक्याच्या दाराशी थांबावं तसे थांबले होते. अम्मीने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या माणसाचं न बोलणं तिने शांतपणा समजून जपलं होतं, पोरांना गप्प करून जपलं होतं. त्यांना आत या म्हणावंसं तिला वाटलं नाही. जा म्हणावंसंही वाटलं नाही.

"सोमवारी कारखाना बंद," ती म्हणाली.

या घरात कारखाना कधी उघडायचा आणि कधी बंद ठेवायचा हे तिने याआधी कधी सांगितलं नव्हतं. आपांनीही नाही. उस्तादांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणायला, बहुधा सोमवारी कोणाच्या खुर्च्या द्यायच्या होत्या ते.

"आपांना तुम्ही सांगा," अम्मी म्हणाली. "चाचालाही. सकाळी सगळ्यांनी तयार राहायचं. आणि तिथे का आलात असं कोणी विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं."

उस्तादांनी मुठीतले खिळे खिशात टाकले.

"देतो," ते म्हणाले, आणि सांगायला खाली गेले.